सायकोटिक डिप्रेशन आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्र: साताऱ्यात अर्ज कसा करायचा

डिप्रेशनच्या जोडीला कोणी बोलत नसताना कानात माणसांचे आवाज येऊ लागले, किंवा "घर माझ्या पापामुळं बुडालं", "माझी आतडी सडली" असं माणूस ठाम धरून बसला, की डॉक्टर त्याला सायकोटिक डिप्रेशन म्हणतात. अशा रुग्णाचा जीव धोक्यात असू शकतो. मरणाची भाषा करत असेल तर अर्ज बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका आणि लगेच दवाखाना गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे.

उपचार घेऊनही रोजचं जगणं अडलेलं असेल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मागता येतं. बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं.

अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर (वेबसाइटवर) करायचा. मोबाईलवर जमत नसेल तर गावच्या सेवा केंद्रात. आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा आणि उपचाराचे कागद लागतात. रुग्णालय म्हणून साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय निवडता येतं. तपासणीला जाताना मूळ कागद आणि जुन्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड सगळं तारखेनुसार लावून न्या. आजार किती वर्षांचा आहे यालाही गुण असतात, आणि तो पुरावा या चिठ्ठ्यांतच असतो.

तिथं आजाराचं नाव पाहून टक्के ठरत नाहीत. 'आयडियाज' नावाच्या मापनात चार गोष्टी पाहतात: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकीला 0 ते 4 गुण, त्यात आजाराच्या कालावधीचे मिळवून एकूण 20. बेरीज 7 झाली की 40 टक्क्यांची पायरी गाठली जाते.

इथंच घरच्यांची चूक होते. रुग्णाला न्हाऊमाखू घालून, इस्त्रीचे कपडे चढवून नेतात आणि "आता बरंय त्याचं" म्हणून मोकळे होतात. रुग्णाच्या मनात अपराध भरलेला असतो, तोही म्हणतो, "मला काही नको, माझंच चुकलं." म्हणून रोज सोबत असणाऱ्यानंच आत जावं. आंघोळीला किती वेळा सांगावं लागतं, पाहुणे आले की तो कुठं जातो, पाणी पाजायला गेलेला बांधावरच बसून राहतो का, हे घडतं तसं सांगावं. वाढवूनही सांगू नये. डॉक्टर ते कागदांशी ताडून बघतात.

हा आजार औषधांनी किंवा लोक ज्याला शॉक म्हणतात त्या ईसीटीनं बराच सुधारू शकतो, त्यामुळे प्रमाणपत्र अनेकदा ठरावीक मुदतीचंच मिळतं. मुदत संपण्याआधी फेरतपासणी करून घ्या. टक्केवारी पटली नाही तर अपील करता येतं. 40 टक्के मिळाले आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असाल, तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात द्या.