वारंवार न्यूमोनिया होणारी पिल्ले आणि पांढऱ्या पेशींवरचा संशय

कुत्र्याचे पिल्लू लहान असल्यापासून नाक गळते, खोकला हटत नाही. अँटिबायोटिकने उतार पडतो आणि पुन्हा न्यूमोनिया होतो. भावंडांतही तेच दिसले की आनुवंशिक दोषाची शंका येते. मग प्रश्न उरतो तो दोष कुठे आहे याचा: श्वासमार्ग झाडून काढणाऱ्या सिलियात, म्हणजे पेशींवरच्या सूक्ष्म लवेत, की जंतू गिळणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींत? बाहेरून दोन्ही आजार सारखेच दिसतात.

सिलियाचा धागा माणसांपासून सुरू होतो. १९३३ मध्ये झुरिचच्या मानेस कार्टाजेनर यांनी सायनसचा दाह, रुंदावलेल्या श्वासनलिका आणि उलट बाजूला असलेले अवयव अशा त्रिकुटाचे वर्णन केले. कारण उलगडले १९७६ मध्ये. ब्योर्न आफ्झेलियस यांनी दाखवले की अशा रुग्णांच्या सिलियातील डायनीनचे, म्हणजे लव हलवणाऱ्या प्रथिनाचे, बाहू गायब असतात, म्हणून लव हलत नाही. शुक्राणूंची शेपटीही हलत नाही. त्यानंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कुत्र्यांतही तसेच दोष सापडू लागले.

पण न्यूट्रोफिलला सिलिया नसतातच, मग संशय तिच्यावर का गेला? सिलियाचा सांगाडा ज्या सूक्ष्मनलिकांचा, त्याच न्यूट्रोफिलच्या आतही असतात आणि पेशीला दिशा राखायला मदत करतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काही मानवी रुग्णांच्या न्यूट्रोफिलची चाल बिघडलेली आढळली. त्यामुळे कुत्र्यांतही हे तपासणे ओघाने आलेच. १९८७ मध्ये डोबरमन जातीच्या, एकमेकांच्या नात्यातल्या कुत्र्यांचा अभ्यास आला. त्यांना नाकाचा दाह आणि न्यूमोनिया होता, आणि त्यांच्या न्यूट्रोफिल जंतू मारण्यात कमी पडत होत्या.

आयरिश सेटरची गोष्ट मला याहून बोलकी वाटते. या जातीतल्या आजारी पिलांच्या रक्तात न्यूट्रोफिल भरपूर, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. तरी संसर्ग थांबत नाही. पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटताच येत नाही, त्यामुळे त्या ऊतीत उतरत नाहीत. १९९९ मध्ये सीडी१८ या प्रथिनाच्या जनुकातला बदल त्यामागे असल्याचे सिद्ध झाले. नुसती पेशींची संख्या पाहून रोगप्रतिकारशक्तीचा निवाडा करू नये, हे इथे पक्के कळते.

२०११ मध्ये ओल्ड इंग्लिश शीपडॉगमध्ये सीसीडीसी३९ जनुकातला दोष सापडला, आणि त्याच जनुकातले दोष मानवी रुग्णांतही मिळाले. हे प्रथिन सिलियाच्या गाभ्याच्या जडणघडणीत लागते. न्यूट्रोफिल मात्र प्रामुख्याने अ‍ॅक्टिन या दुसऱ्याच प्रथिनाच्या जोरावर सरकते. म्हणजे या जातीत तरी मूळ बिघाड लवेचाच. शिवाय दीर्घ संसर्गाने न्यूट्रोफिलचे वागणे आपोआप बदलते, म्हणून आजारी कुत्र्याच्या रक्तात दिसलेला दोष जन्मजात मानण्यापूर्वी संसर्ग ओसरल्यावर चाचणी पुन्हा करणे मला अत्यावश्यक वाटते. जनुक माहीत असलेल्या जातींत वाहक, म्हणजे दोष अंगात असूनही स्वतः आजारी नसलेले, कुत्रे आधीच ओळखता येतात, आणि दोन वाहकांची जोडी टाळली की आजारी पिल्ले जन्माला येत नाहीत.