फोनला मिळतं, लॅपटॉपला का नाही?

गेल्या महिन्यात साताऱ्याहून मावशीचा फोन आला. "अगं, लॅपटॉपला वायफायच लागत नाहीये. परवा लाईट गेली होती ना, तेव्हापासून. राउटरला झटका बसला असणार." नेटवाल्याला सांगून झालं होतं, राउटर चार वेळा बंद-चालू करून झाला होता. मी विचारलं, "मोबाईलवर चालतंय? मोबाईलचा डेटा बंद करून बघ, नुसत्या वायफायवर."

चालत होतं.

निम्मं काम इथेच झालं. फोन आणि लॅपटॉप एकाच राउटरकडून नेट घेतात. फोनला ते मिळतंय, म्हणजे बाहेरून येणारी केबल ठीक आहे, राउटरही ठीक आहे. दोष एक तर लॅपटॉपमध्ये आहे, नाहीतर लॅपटॉप आणि राउटर यांच्या मधल्या हवेत. डेटा बंद करून बघणं मात्र विसरू नये. नाहीतर वायफाय मेलेलं असतानाही फोन गुपचूप टॉवरकडून नेट घेतो आणि आपण राउटरला उगाच निर्दोष ठरवतो.

"नेट लागत नाही" असं आपण एका दमात म्हणतो, पण लॅपटॉपच्या दृष्टीने ही एकामागून एक होणारी निरनिराळी कामं आहेत. राउटर हवेतून ऐकू यायला हवा, त्याच्याशी ओळख पटायला हवी, घरच्या जाळ्यात स्वतःचा पत्ता मिळायला हवा, साइटच्या नावावरून तिचा क्रमांक सापडायला हवा आणि समोरची साइट खरी आहे याची खात्री पटायला हवी. यातली कुठलीही कडी निसटली तरी आपल्याला दिसतं ते एकच, पान उघडत नाही. म्हणून सेटिंगना हात लावण्याआधी कडी कुठली ते शोधावं, असं माझं ठाम मत आहे. अंदाजाने दहा गोष्टी बदलल्या की मूळ बिघाडात आपण केलेले चार बिघाड मिसळतात.

हवेतली पहिली कडी मला सगळ्यात विलक्षण वाटते. घरातला राउटर साधारण १०० मिलिवॉट शक्तीने रेडिओलहरी सोडतो. दुसऱ्या खोलीतल्या लॅपटॉपपर्यंत त्यातलं जवळजवळ काहीच पोचत नाही. सिग्नलची ताकद डीबीएम या एककात मोजतात आणि उणे ६७ डीबीएम हा चांगला सिग्नल समजला जातो. त्याचा हिशोब मांडला तर राउटरने सोडलेल्या शक्तीचा फक्त ५० कोटीवा भाग लॅपटॉपच्या वाट्याला येतो. एवढ्याशा कुजबुजीतून तो चित्रपट उलगडून दाखवतो! उणे ८० पर्यंत घसरण झाली, तर त्या कुजबुजीचाही विसावा भाग उरतो आणि मग जोडणी तुटू लागते. मध्ये सळ्या घातलेली काँक्रीटची भिंत, लोखंडी कपाट, मोठा आरसा किंवा पाण्याची टाकी असेल तर ही घसरण सहज होते. राउटर कपाटामागे लपवून ठेवण्याची आपल्याकडची हौस त्याला फार महागात पडते.

वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची साधारण सहा. लांब लहर भिंतींमधून जास्त चांगली पार होते. आखूड लहरीवर नेट वेगवान, पण ती लवकर दमणारी. भिंतींवर आपटून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, तेव्हा खोलीत काही ठिकाणी सिग्नल भरतो आणि जवळच एखाद्या ठिकाणी तो जवळजवळ नाहीसा होतो. ही अंतरं लहरीच्या लांबीच्या निम्म्याएवढी असू शकतात. म्हणून लॅपटॉप टेबलावर चार बोटं सरकवला की नेट परत येतं. हा योगायोग नसतो.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. भारतात तो २००५ मध्ये मोकळा झाला. अर्थातच तिथे गर्दी आहे. ब्लूटूथ तिथेच चालतं. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि त्याच्या दारातून झिरपणारी थोडीशी ऊर्जाही लॅपटॉपच्या कुजबुजीपुढे आरडाओरडा ठरते. जेवणाच्या वेळीच नेट अडखळत असेल तर ओव्हनचा संशय घ्यावा. यूएसबी ३ ची बाहेरची हार्डडिस्कही याच पट्ट्यात गोंगाट करते. ती लॅपटॉपला अगदी लगटून ठेवली असेल तर दूर करून बघावी.

नेटवर्कचं नावच यादीत दिसत नसेल, तर कारणं वेगळी. आधी एअरप्लेन मोड बघावा, तो कीबोर्डवरच्या एका बटणाने चुकून चालू होतो. जुन्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा ५ गिगाहर्ट्झ ऐकणारा रेडिओच नसतो, त्यामुळे ज्या नावाच्या शेवटी '५जी' असतं ते त्याला कधीच दिसत नाही. (या '५जी'चा मोबाईलच्या ५जीशी काही संबंध नाही, तो फक्त लहरींचा पट्टा आहे.) अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेला लॅपटॉप असेल तर आणखी एक गंमत. आपल्याकडे २.४ च्या पट्ट्यात राउटर १३ पर्यंतचे चॅनल (पट्ट्यातले क्रमांक दिलेले कप्पे) वापरू शकतो, पण अमेरिकेत विकली जाणारी उपकरणं सहसा ११ पर्यंतच ऐकतात. राउटर स्वतःहून बाराव्या किंवा तेराव्या चॅनलवर गेला, तर घरातले सगळे फोन चालतात आणि तेवढा तो लॅपटॉप आंधळा होतो. राउटरमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ असा पक्का करून टाकला की प्रश्न मिटतो.

लॅपटॉप दुरुस्त करून आणल्यापासूनच सिग्नल एकदम क्षीण झाला असेल, तर अँटेनाकडे बघायला सांगावं. ती पडद्याच्या कडेने बसवलेली असते आणि तिच्या बारीक तारा बिजागरीतून खाली येऊन वायफायच्या कार्डावर दाबून बसवतात. रॅम किंवा डिस्क बदलताना ते इवलंसं टोक निघालं तर लॅपटॉपला फक्त राउटरच्या शेजारी बसून ऐकू येतं.

मावशीच्या लॅपटॉपवर मात्र सिग्नलच्या सगळ्या काड्या दिसत होत्या, पासवर्डही मान्य झाला होता. पासवर्ड हवेतून जसाच्या तसा कधीच जात नाही. तो दोघांनाही माहीत आहे एवढंच ते निरोपांच्या देवाणघेवाणीतून एकमेकांना पटवतात. राउटरचा पासवर्ड बदलला आणि लॅपटॉप जुनाच धरून बसला, तर हे पटवणं फसतं. तेव्हा ते नेटवर्क 'फरगेट' करून नव्याने जोडावं.

पुढची कडी पत्त्याची. जोडणी झाल्यावर लॅपटॉप "मला पत्ता द्या" अशी हाक घालतो आणि राउटर त्याला एक क्रमांक देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. उत्तर आलंच नाही तर लॅपटॉप स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एखादा क्रमांक लावून घेतो. हा आकडा दिसला की समजावं, ओळख पटली पण पत्ता मिळाला नाही. अशा वेळी राउटर आणि लॅपटॉप दोन्ही नव्याने सुरू करणं हा खरोखर उपाय आहे. मात्र विंडोजमध्ये 'शटडाऊन' नको, 'रीस्टार्ट' करा. २०१२ च्या विंडोज ८ पासून शटडाऊन करताना यंत्रणेचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो, बिघडलेल्या ड्रायव्हरसकट (म्हणजे वायफायचं कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामसकट). रीस्टार्टमध्ये पाटी कोरी होते.

मावशीचा पत्ता १९२.१६८ चाच होता. मग मी तिला विंडोजची काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून पिंग ८.८.८.८ टाइप करायला लावलं, म्हणजे त्या क्रमांकाला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं. हा गूगलच्या नावं शोधून देणाऱ्या सेवेचा क्रमांक. "चार ओळी आल्या बघ," ती म्हणाली, "रिप्लाय, रिप्लाय." नंतर क्रमांकाऐवजी साइटचं नाव टाकलं, त्यालाही उत्तर आलं. क्रमांकाला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, असं झालं असतं तर दोष नावं शोधणाऱ्या डीएनएसचा ठरला असता. इथे तेही नव्हतं. नेट अगदी धडधाकट होतं!

"मग पडद्यावर नेमकं काय लिहिलंय ते वाच ना."

"तेच तर! तुमचे कनेक्शन खाजगी नाही. कनेक्शनच खराब आहे म्हणतोय."

'कनेक्शन' या एका शब्दाने दोन दिवस घालवले होते. ब्राउझर वायफायबद्दल बोलतच नव्हता. प्रत्येक सुरक्षित साइट आपली ओळख म्हणून एक प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. ब्राउझर ती मुदत लॅपटॉपच्या घड्याळाशी ताडून बघतो. मी म्हटलं, "मावशी, खाली कोपऱ्यात तारीख काय आहे?"

"एक जानेवारी, दोन हजार पंधरा. अगंबाई."

लॅपटॉपची मोठी बॅटरी केव्हाच संपलेली, तो चार्जरवरच चालायचा. लॅपटॉप बंद असताना घड्याळ चालू ठेवायला आत नाण्याएवढा एक सेल असतो, तोही इतक्या वर्षांत संपला होता. वीज गेली आणि घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जाऊन बसलं. २०१५ मध्ये वावरणाऱ्या लॅपटॉपला आजची सगळी प्रमाणपत्रं भविष्यातली वाटत होती, म्हणून तो एकही साइट खरी मानायला तयार नव्हता. तो आपलं काम चोख करत होता.

तारीख हाताने बदलली आणि बँकेचं पान लगेच उघडलं. सेल दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने बदलून दिला. संध्याकाळी मावशीने मुद्दाम चार्जर काढला, अर्धा तास थांबून पुन्हा लावला आणि मला फोन केला. "आजचीच तारीख आहे गं. मिनिटसुद्धा चुकलं नाही."