कॅम्पातल्या कॉन्व्हेंटपासून सखी सावित्रीपर्यंत

पुण्यात कॉन्व्हेंट म्हटलं की पालकांच्या तोंडी आधी येते ती शिस्त. मग इंग्रजी, मग बाकी सगळं. पिढ्यान्‌पिढ्या ॲडमिशनच्या रांगा लागल्या त्या या दोन गोष्टींसाठी. आता मात्र कॅथलिक शाळांची भाषा बदलली आहे. परस्पर आदर, स्त्री-पुरुष समता, विद्यार्थ्यांची सुरक्षितता हे विषय प्रार्थनासभेत येतात, पालकसभेतही येतात. हे तिन्ही विषय एकाच वेळी आणि एकाच वाटेने आलेले नाहीत. आदराचा विचार बराचसा चर्चच्या आतून आला. समता आधी व्यवहारात आली आणि कागदावर फार उशिरा. सुरक्षितता मात्र जवळजवळ सगळीच बाहेरून, कायद्याने आणली.

पुण्यात कॅथलिक आले ते पेशव्यांच्या फौजेबरोबर. सैन्यातल्या गोवेकर, पोर्तुगीज ख्रिस्ती शिपायांच्या उपासनेसाठी सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली आणि १७९२ साली नाना पेठेत, आजच्या क्वार्टर गेटजवळ, चर्च उभं राहिलं. तेच आपलं सिटी चर्च. शाळा मात्र पेशवाई बुडाल्यावर, लष्कराच्या छावणीबरोबर आल्या. जीझस अँड मेरी संघाच्या सिस्टरांनी कॅम्पात कॉन्व्हेंट सुरू केलं ते १८६० साली. क्लोदीन तेव्हने या फ्रेंच बाईंनी १८१८ साली लियाँ शहरात स्थापलेला हा संघ १८४२ मध्ये आग्र्याला पोचला होता. पाठोपाठ १८६७ मध्ये जेझुइटांचं, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाचं, सेंट व्हिन्सेंट्स आलं. (बिशप्स आणि सेंट मेरीज या त्याच दशकातल्या, पण त्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चच्या. पुणेकर या सगळ्यांना एकाच माळेत ओवतात, त्याला इलाज नाही.)

तेव्हा या शाळांसमोर होती ती गोऱ्या सैनिकांची, अधिकाऱ्यांची आणि अँग्लो-इंडियन घरांतली मुलं. कॅम्पातून चालत तासाभराच्या आत पोचता येईल अशा बुधवार पेठेत, भिडेवाड्यात, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्येच मुलींची शाळा काढली होती. सावित्रीबाईंच्या शिक्षिका म्हणून तयार होण्याशी मिशनऱ्यांचा संबंध होता. अहमदनगरच्या सिंथिया फरार यांचं नाव त्यात येतं. पण ते मिशन अमेरिकन प्रोटेस्टंटांचं. पंडिता रमाबाईंचा शारदा सदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्याला आला, तोही कॅथलिक नव्हता. पुण्यातल्या स्त्रीशिक्षणाची जी कथा आपण अभिमानाने सांगतो, भिडेवाडा, १८८४ ची हुजूरपागा, १८९६ ची कर्व्यांची संस्था, तिच्यात कॅथलिक शाळा जवळपास दिसत नाहीत. त्या कॅम्पात होत्या, पेठांत नव्हत्या. हे अंतर मैलांत मोजण्यासारखं नव्हतंच.

तरीही त्या कॉन्व्हेंटमध्ये एक गोष्ट होती, जिची नोंद फारशी कुणी घेतली नाही. तिथे कारभार बायकांच्या हातात होता. मुख्याध्यापिका सिस्टर, हिशेब पाहणारी सिस्टर, बांधकामाच्या मुकादमाशी हुज्जत घालणारीही सिस्टरच. मुलीला गणित येणार नाही किंवा अधिकार पेलणार नाही, असं शाळेत वेगळं सांगायला कुणी नव्हतं, कारण समोर रोज उलटंच दिसत होतं. अर्थात ही समता फाटकाच्या आतली. रविवारी मिस्साच्या, म्हणजे उपासनेच्या, वेळी वेदीवर पुरुषच असायचे. मुलींना वेदीसेवेची परवानगी १९९४ मध्ये मिळाली. वाचक आणि वेदीसेवक या पदांवर स्त्रियांची अधिकृत नेमणूक करता येईल, असा बदल पोप फ्रान्सिस यांनी केला तो २०२१ मध्ये. धर्मगुरुपद आजही पुरुषांनाच. वर्गात समता शिकवणाऱ्या सिस्टरला स्वतःच्या चर्चमध्ये कुठवर जाता येतं, हा प्रश्न हुशार विद्यार्थिनी विचारतातच. तो टाळण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

आता शिस्तीकडे. दोन वेण्या, रिबिनी, गुडघ्याखाली स्कर्ट, सोमवारी नखांची तपासणी. हातावर पट्टी, वर्गाबाहेर ओणवं. आवारात मराठी बोललं म्हणून दंड भरल्याच्या आठवणी तर पुण्यातल्या अनेक घरांत निघतात. या शिस्तीत मुलांना जपणं होतं आणि भीतीही होती, आणि एक संपून दुसरी कुठे सुरू होते हे पालकांनाही ठरवायचं नव्हतं. ‘चांगला दम द्या’ असं आई-वडीलच सांगून जायचे. फक्त इंग्रजी शाळांनाच बोल लावायचं कारण नाही. पेठांतल्या मराठी शाळांतही छडी होतीच. पण मुलाच्या घरच्या भाषेवर दंड बसवणाऱ्या शाळेत ‘आदर’ हा एकतर्फीच असणार. मुलांनी मोठ्यांचा करायचा, एवढाच.

त्याला आतून पहिला धक्का बसला रोममध्ये. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) ख्रिस्ती शिक्षणावर काढलेल्या घोषणापत्रात वंश, स्थिती वा वय काहीही असो, शिक्षण हा माणसाचा न हिरावता येणारा हक्क मानला. वाढत्या वयाला साजेसं, विवेकी लैंगिक शिक्षण मुलांना मिळावं, असंही त्यात म्हटलं होतं. १९६५ साली! त्याच वर्षीच्या दुसऱ्या दस्तऐवजात लिंगावरून होणारा भेदभाव ईश्वराच्या इच्छेविरुद्ध ठरवला गेला. आपल्याकडे हे झिरपायला वेळ लागला. २००७ मध्ये महाराष्ट्राने शाळांतला किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम थांबवला, तेव्हा विरोध करणाऱ्यांत सगळ्या रंगांचे संस्कृतिरक्षक होते. चर्चचा आपलाच बेचाळीस वर्षांपूर्वीचा कागद मात्र कुणी काढून दाखवला नाही.

परिषदेनंतर पुण्यात वातावरण बदललं ते इतर धर्मीयांशी बोलण्याच्या बाबतीत. शनिवार पेठेत जेझुइट मॅथ्यू लेडर्ले यांनी स्नेहसदन उभं केलं. कॅम्पातला फादर पेठेत राहायला आला. पुढे पुण्याचे बिशप झालेले थॉमस डाबरे तर तुकोबांवर डॉक्टरेट केलेले. शाळांत याची खूण दिसायची ती वेळापत्रकातल्या एका तासाला. घंटा झाली की वर्गाचे दोन भाग व्हायचे. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाला, उठून जायची आणि उरलेली, म्हणजे बहुतेक वर्ग, मोरल सायन्सला बसायची. खरं बोला, कॉपी करू नका, मोलकरणीला नावाने हाक मारू नका. नंतर या तासाला मूल्यशिक्षण म्हणू लागले आणि त्यात मुलगा-मुलगी, घरकाम, पर्यावरण, जात असे विषय आले. भारतीय बिशपांच्या परिषदेने एप्रिल २०२४ मध्ये शाळांना दिलेल्या सूचनांत इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका आणि संविधानाची उद्देशिका रोज म्हणून घ्या, असं सांगितलं. देशातलं वारं पाहता त्यात बचावाचा भागही होता. तरी दिशा जुनीच, १९६५ ची.

समतेचा मुद्दा कागदावर यायला पुण्यातलंच एक वर्ष कारणी लागलं. १९८२ साली विवाहितांच्या संशयास्पद मृत्यूंनी शहर हादरलं होतं. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी नारी समता मंच सुरू केला. आणि त्याच वर्षी, याच शहरात, स्त्रीवाणी ही संस्था सुरू झाली. तिच्यामागे एंगेलबर्ट झाइटलर हे एसव्हीडी या कॅथलिक मिशनरी संघाचे जर्मन धर्मगुरू होते. चर्चमधल्या आणि चर्चबाहेरच्या स्त्रियांचं म्हणणं ऐकलं जावं, हा तिचा हेतू. पुढे सिस्टरांना त्यांचे कायदेशीर हक्क समजावण्याचं कामही तिने केलं. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ख्रिस्ती पत्नीला घटस्फोटासाठी व्यभिचाराबरोबर क्रौर्य वा परित्यागही सिद्ध करायला लावणारी अट रद्द केली. संसदेने कायदा बदलला २००१ मध्ये. बिशपांच्या परिषदेने २००८ च्या जमशेदपूर अधिवेशनात स्त्रियांच्या सक्षमीकरणाचा विषय घेतला आणि २०१० मध्ये लिंगभाव धोरण जाहीर केलं. कॅथलिक शाळा आज समतेबद्दल बोलतात त्यामागे हे धोरण आहे, आणि धोरणामागे ही तीस वर्षांची भांडणं आहेत. २०१८ मध्ये केरळातल्या एका सिस्टरने बिशपाविरुद्ध बलात्काराची तक्रार केली, तिच्या सहकारी कोचीत रस्त्यावर बसल्या. खटल्यात २०२२ साली बिशप निर्दोष सुटले. पण सिस्टरची तक्रार कुणाकडे जाते, हा प्रश्न त्यानंतर कुठल्याच कॉन्व्हेंटला झाकून ठेवता आला नाही.

सुरक्षिततेची गोष्ट वेगळी. इथे सरकार आणि न्यायालयं पुढे, शाळा मागे. १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल, त्यावरून २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी, अध्यक्षस्थानी स्त्री हवी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात आणि एक सदस्य बाहेरची. बाहेरच्या सदस्यावर सगळ्याच धार्मिक संस्था अडखळल्या असतील, कारण घरातलं घरात मिटवण्याची सवय जुनी.

त्याआधी, १४ नोव्हेंबर २०१२ ला पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, लागू झाला, आणि खरी कलाटणी ती. या कायद्याने शैक्षणिक संस्था आणि धार्मिक संस्था यांना एकाच पोटकलमात बसवलं आहे. त्यांच्या व्यवस्थापनातल्या वा नोकरीतल्या माणसाने केलेला अत्याचार हा अधिक गंभीर गुन्हा. कॅथलिक शाळा दोन्ही आहे. कलम १९ प्रमाणे ज्याला गुन्ह्याची माहिती आहे त्या कुणालाही ती पोलिसांना द्यावीच लागते. फादर, सिस्टर, शिपाई, कुणालाच सूट नाही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आधी मुख्याध्यापक आपल्या धर्मसंघाच्या वरिष्ठांना फोन करत, वरिष्ठ बिशपांना, आणि संबंधिताची बदली व्हायची. जगभरच्या चर्चमध्ये हेच चाललं होतं, त्याचे अहवाल निघाले आहेत. पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या आदेशाने प्रत्येक धर्मप्रांताला तक्रारीची यंत्रणा उभारायला लावली. भारतीय कायदा त्याच्या साडेसहा वर्षं आधीचा आहे.

फाटकाबाहेरची सुरक्षितता हा पुण्याचा खास विषय. दुपारी शाळा सुटली की कॅम्पात आणि लुल्लानगरला रस्ता तुंबतो. रिक्षाकाका मुलांची दप्तरं बाहेरच्या हुकांना अडकवतात, पुढच्या सीटवर आणखी दोघं सरकून बसतात, व्हॅनवाले काका हजेरी घेतात ती तोंडपाठ. राज्याचे स्कूलबसचे नियम २०११ चे. पण मुलाला रोज नेणारा माणूस कोण, हे पालकांनी आपसांत ठरवलेलं असतं आणि शाळा हात वर करते. बसमध्ये ताई आहे का, हा प्रश्न पालक आता पहिल्याच बैठकीत विचारतात.

राज्याने १० मार्च २०२२ च्या शासननिर्णयाने शाळांत सखी सावित्री समित्या सांगितल्या. शिक्षिका, समुपदेशक, पालक यांच्याबरोबर विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही त्यात. कॉन्व्हेंटच्या नोटीस बोर्डावर सावित्रीबाई पोचल्या त्या अशा, सरकारी कागदावरून. किती समित्या नुसत्या नावापुरत्या होत्या ते ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर दिसलं. २१ ऑगस्टला नवा शासननिर्णय निघाला: महिनाभरात सीसीटीव्ही, चित्रण आठवड्यातून किमान तीनदा तपासणं, तक्रारपेटी, गैरप्रकार कळल्यावर चोवीस तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना खबर. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन निवृत्त महिला न्यायमूर्तींच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. कॅमेऱ्यांचं काम सोपं, पैसे टाकले की होतं. तक्रारपेटी कुठे लावायची यावर मात्र विचार लागतो. मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर लावली तर तिच्यात चिठ्ठी पडत नाही.

एक कायदेशीर गाठ अजून सुटलेली नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं. पण ६ मे २०१४ च्या प्रमाती निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा संपूर्ण कायदाच अल्पसंख्याक संस्थांना लागू नाही असं ठरवलं. वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवायच्या पंचवीस टक्के प्रवेशांबद्दलची भीती समजण्यासारखी होती; अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देणाऱ्या संविधानाच्या कलम ३० चा प्रश्न खराच आहे. पण प्रवेशाच्या सुटीबरोबर छडीबंदीचं कलमही वाहून गेलं, याची चर्चा झालीच नाही. पॉक्सो सगळ्यांना लागू आहे आणि मारहाण फौजदारी कायद्यात बसते, तेव्हा मुलं अगदी उघड्यावर नाहीत. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रमातीबद्दल शंका घेतली आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवलं. त्याचा निकाल काय लागेल ते लागो, कलम १७ स्वेच्छेने स्वीकारल्याचं कुठल्याही शाळेला आजच आपल्या नियमावलीत छापता येतं. त्यासाठी दिल्लीकडे पाहत बसायची गरज नाही; पालक-शिक्षक संघाच्या एका बैठकीचं काम आहे.