मिळकत नियोजनाचा वकील (पुणे)

मृत्युपत्र, बक्षीसपत्र, हक्कसोड, वाटणी, फर्मची डीड आणि या सगळ्यावर येणारा इन्कम टॅक्स असं एकत्र बघून घरची मिळकत पुढच्या पिढीकडे कमीत कमी भांडणात कशी जाईल हे ठरवून देणारा वकील. पुण्यात याला धड वेगळं नाव नाही, लोक "मृत्युपत्राचे वकील" म्हणतात नाहीतर नुसतं "आमचे वकील". शिवाजीनगर कोर्टात रोज उभा राहणारा तो वेगळा, हा बहुतेक वेळ ऑफिसात बसून जुनी खरेदीखतं आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, वाचतो. जोडीला सीए असतोच, आकडे सीएने बघायचे आणि मजकूर वकिलाने. बार कौन्सिलच्या नियमांमुळे वकिलाला जाहिरात करता येत नाही, त्यामुळे पक्षकार येतो तो सीएने पाठवलेला नाहीतर सोसायटीत कुणाचं तरी काम झालंय ते ऐकून.

येणारा माणूस पहिला प्रश्न टॅक्सचा विचारतो आणि तिथेच गंमत आहे, कारण आपल्याकडे आज वारसा कर नाहीच. इस्टेट ड्युटी, म्हणजे गेलेल्या माणसाच्या मिळकतीवरचा कर, १९५३ ला आली, वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला आणि १९८५ ला ती रद्द झाली, गिफ्ट टॅक्स १९९८ ला गेला आणि वेल्थ टॅक्स २०१५ च्या बजेटमध्ये. म्हणजे वडिलांचा कोथरूडचा फ्लॅट मुलाला मिळताना टॅक्स नाही, तो विकताना लागतो, आणि तेव्हा खरेदी किंमत वडिलांनी भरली तीच धरतात. फ्लॅट २००१ च्या आधीचा असेल तर १ एप्रिल २००१ चा भाव धरता येतो, म्हणून व्हॅल्युअरचा रिपोर्ट फाईलला आधीच लावून ठेवायचा. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे महागाईप्रमाणे खरेदी किंमत न वाढवता, १२.५ टक्के आहे, त्याआधी घेतलेल्या घराला इंडेक्सेशन घेऊन २० टक्क्यांचा पर्यायही आहे पण तो भारतात राहणाऱ्यांना, अमेरिकेतल्या मुलाला नाही, आणि पुण्यात निम्म्या घरांत एक तरी मुलगा तिकडे असतोच. दुसरा नेहमीचा घोळ म्हणजे बायकोच्या नावाने एफडी केली की टॅक्स वाचला असं वाटणं. तसं होत नाही, व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, आणि सासऱ्याने सुनेच्या नावावर पैसे टाकले तर सासऱ्याच्या. नवीन इन्कम टॅक्स कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यात कलमांचे नंबर बदललेत, हा हिशोब बदललेला नाही.

खरं काम सुरू होतं ते "वडिलोपार्जित" या शब्दापाशी. हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरतात, वडिलांकडून आलं ते सगळं वडिलोपार्जित असं धरून चालतात. पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत वारसाने मुलाकडे आली तर ती मुलाची स्वतःची होते, नातवाला जन्मतः त्यात हक्क नाही, सुप्रीम कोर्टाने १९८६ च्या चंदर सेन निकालात हेच सांगितलंय. उलट सदाशिव पेठेतला पणजोबांचा वाडा खरोखर एकत्र कुटुंबाचा असेल तर आजोबा एकटे मृत्युपत्रात तो कुणा एकाला लिहून देऊ शकत नाहीत, फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकतात. त्यात मुलींचाही हिस्सा आहे. महाराष्ट्राने १९९४ लाच कायदा बदलला होता पण तेव्हा लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या, मग मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी ९ सप्टेंबर २००५ ची केंद्राची दुरुस्ती आली आणि २०२० च्या विनीता शर्मा निकालाने वडील २००५ ला हयात होते की नव्हते हा वादच मिटवला.

तरी हक्कसोडपत्रावर बहिणी आजही सही करतात. माहेर तुटू नये म्हणून करतात, कुणी मनापासून करतं, कुणाला रजिस्ट्रार ऑफिसच्या पायरीवर कळतं की आज काय सही करायचीय. चांगला वकील बहिणीला भावाशिवाय एकदा वेगळं बसवून विचारतो, आणि हे जो करत नाही त्याच्याकडून हा कागद करून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण दहा वर्षांनी बिल्डर आला की तोच कागद कोर्टात जातो.

बक्षीसपत्राचं आकर्षण महाराष्ट्रात वेगळंच आहे. राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं नाहीतर विधवा सून यांना बक्षीस दिली तर स्टँप ड्युटी २०० रुपये, वर नोंदणीचा खर्च आणि स्थानिक अधिभार काय असेल तो. भाऊ-बहीण या यादीत नाहीत. दोनशे रुपये ऐकून लोक दुसऱ्या दिवशी यायला तयार होतात आणि वकील मात्र हात आखडता घ्यायला सांगतो, कारण बक्षीस दिलं की घर गेलं, मृत्युपत्र मात्र मरेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. सत्तरीच्या माणसाने डोक्यावरचं छप्पर लिहून देऊ नये, फार तर तहहयात राहण्याचा हक्क राखून द्यावं.

मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, सही आणि दोन साक्षीदार पुरतात. तरी हवेली तालुक्याच्या कुठल्या तरी सब-रजिस्ट्रारकडे नोंदवून घेतात आणि वय जास्त असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरचं सर्टिफिकेट लावतात. साक्षीदार शक्यतो वयाने लहान बघायचा, नाहीतर गरज पडते तेव्हा तोच हयात नसतो. पुण्यातल्या मिळकतीला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, सक्तीचं नाही. नॉमिनीचा गैरसमज मात्र जाता जात नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ ला शक्ती येझदानी निकालात तेच सांगितलं, आणि सोसायटीतही आता नॉमिनीला प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता मेंबर म्हणूनच घेतात. मुस्लिम पक्षकाराचा हिशोब वेगळा, वारसांची संमती नसेल तर एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्राने देता येत नाही.

बायकांनी मृत्युपत्र करावं हे पुण्यातल्या नोकरदार बायकांना अजून पटलेलं नाही. मूलबाळ नसलेली विधवा स्वतःच्या पगारातून बाणेरला फ्लॅट घेते आणि मृत्युपत्र न करता जाते, तर तो फ्लॅट आईवडिलांकडे जायच्या आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातो, म्हणजे दिराकडेसुद्धा. हे ऐकलं की समोरची बाई पेन मागते. पुरुषाच्या बाबतीत उलटी चूक होते, मृत्युपत्र नसेल तर बायको-मुलांच्या बरोबरीने त्याच्या आईलाही हिस्सा आहे हे कुणाच्या लक्षातच नसतं.

शहराच्या कडेची शेतजमीन हा वेगळाच विषय. २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली, जमिनीला भाव आला आणि आजोबांच्या नावाचा सातबारा तसाच. फेरफारला नाव लागलं म्हणजे मालकी झाली असं नाही, ती महसुलाची नोंद आहे. त्यामुळे आधी वारस नोंद, मग तहसीलदाराकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली वाटप, सगळ्यांची संमती असेल तर. एक चुलत भाऊ अडून बसला की हे गाडं तिथेच थांबतं.

धंद्यात पहिली बघायची ती पार्टनरशिप डीड. १९३२ च्या भागीदारी कायद्याने डीडमध्ये दुसरं काही लिहिलेलं नसेल तर पार्टनर गेला की फर्म संपते, आणि पार्टनर दोनच असतील तर लिहूनही उपयोग नाही. लक्ष्मी रोडवरचं दुकान असो नाहीतर भोसरीतलं वर्कशॉप, दोन भावांच्या फर्मचं हेच होतं, वर शेडचा प्लॉट एमआयडीसीच्या लीजवर असेल तर नाव बदलायला त्यांची परवानगी. म्हणून एलएलपी नाहीतर प्रायव्हेट लिमिटेड करतात, आणि कोणत्या मुलाने चालवायचं, बाहेर पडणाऱ्याला किती आणि कुठल्या हिशोबाने द्यायचं, सुना आणि जावई धंद्यात येणार का, हे फॅमिली सेटलमेंटमध्ये लिहितात. लिहिलं तरी शब्दांवरून वाद होतोच, किर्लोस्कर घराण्यातल्या २००९ च्या सेटलमेंट डीडचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. कंपनीच्या बाबतीत वकील आग्रह धरतात की ठरलंय ते आर्टिकल्समध्येही, म्हणजे कंपनीच्या नियमावलीत, घाला, घरातल्या कागदाने कंपनी आपोआप बांधली जात नाही.

यातलं काहीच केलेलं नसेल तर माणूस गेल्यावर घरचे त्याच वकिलाकडे येतात. बँकेतली रक्कम आणि शेअर्ससाठी १९२५ च्या वारसा कायद्याखाली सक्सेशन सर्टिफिकेट, आणि वारस म्हणून दाखला हवा असेल तर आजही अर्ज होतो तो मुंबई रेग्युलेशन ८, साल १८२७ खाली, म्हणजे पेशवाई बुडाल्यावर नऊ वर्षांनी कंपनी सरकारने केलेल्या नियमाखाली. पेपरात नोटीस द्यायची, कुणाची हरकत येते का त्याची वाट बघायची, आणि हरकत बहुतेक वेळा घरातूनच येते.