प्रगती शिष्यवृत्ती: मुलगी पात्र, तरी अर्ज बाद का होतो?

एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती म्हणजे इंजिनिअरिंगसारख्या तांत्रिक पदवी-पदविकेला प्रवेश घेतलेल्या मुलींना वर्षाला ५०,००० रुपये. पदवीला जास्तीत जास्त चार वर्षं, पदविकेला तीन. कॉलेज एआयसीटीई मान्यताप्राप्त हवं, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या वर नको, आणि एका घरातल्या दोनच मुलींना लाभ.

अर्ज पहिल्या वर्षालाच करायचा. डायरेक्ट सेकंड इयरला आलेल्यांनी त्याच वर्षी. ‘आधी सेमिस्टर तर होऊ दे’ म्हणत वर्ष घालवलेल्या मुली दरवर्षी भेटतात, आणि त्यांच्यासाठी काही करता येत नाही.

नोंदणी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. आधी ओटीआर (एकदाच करायच्या नोंदणीचा) क्रमांक, मग अर्ज. त्यात फार अवघड काही नाही. गुणपत्रिका, प्रवेशाचं पत्र, फीची पावती हाताशी असतेच.

अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यावर. वडील नोकरीत असले की फॉर्म १६ जोडतात. तो चालत नाही. दाखला तहसीलदार किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याचाच लागतो. प्रवेशाच्या दिवसांत सेतूवर काय गर्दी असते ते सांगायला नको, म्हणून निकालाची वाट न बघता आधीच काढून ठेवा.

दुसरा घोळ बँकेचा. ‘खात्याला आधार लिंक आहे’ असं सगळेच सांगतात, पण केवायसीसाठी आधार दिलं म्हणजे डीबीटी सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी खातं आधारशी जोडणं, झालं असं नाही. पैसे आधारशी सीड केलेल्या खात्यातच जातात, अर्जात दुसरं कुठलंही लिहा. बँकेत ‘एनपीसीआय सीडिंग’ असेच शब्द वापरून विचारा. खातं मुलीच्याच नावाचं हवं.

सबमिट केलं म्हणून निर्धास्त होऊ नका. कॉलेजने पडताळणी केली नाही, तर अर्ज तिथेच मरतो. विद्यार्थ्यांची शेवटची तारीख वेगळी, कॉलेजची वेगळी. दुसरी कोणी बघतच नाही. त्रुटी काढून अर्ज परत आला, तर दुरुस्तीची मुदतही छोटी असते. स्टेटस दर चार दिवसांनी बघा, कॉलेजमध्ये शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला जाऊन भेटा. ‘बघतो’ हे उत्तर घेऊन परत येऊ नका, बाई!

केंद्र किंवा राज्य सरकारची दुसरी शिष्यवृत्ती घेत असाल, तर प्रगती मिळत नाही. आधी हिशेब करून एकच निवडा.

आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो. तो आपोआप होत नाही.