आयव्ही म्हणजे लता नव्हे

इंग्रजी कवितेतील आयव्हीसाठी, म्हणजे भिंतींवर आणि झाडांवर चढणाऱ्या सदाहरित वेलासाठी, मराठीत ‘लता’ हा शब्द छापलेला वाचून मी आता खरोखरच कंटाळलो आहे. लता कोणाला समजावून सांगायला नको. ‘शाकुंतला’तील वनज्योत्स्ना नावाची नवमालिका आम्रवृक्षाला स्वयंवरात वरते, कोवळी, फुलांनी डवरलेली आणि आधार शोधणारी वधू म्हणजे लता, हे आपल्या हाडीमांसी खिळलेले आहे. पाने, फुले, सुगंध यांतले फरक किरकोळ असल्याने ते मी सोडून देतो.

गफलत होते ती आधाराबाबत. लतेच्या प्रतिमेत झाड भक्कम असते आणि वेल नाजूक असते. आयव्हीच्या प्रतिमेत बहुधा भिंत ढासळत असते किंवा झाड वठत असते, आणि त्यावर चढलेला आयव्ही मात्र भर हिवाळ्यातही हिरवागार असतो. डिकन्सने ‘पिकविक पेपर्स’मध्ये (१८३६-३७) घातलेल्या कवितेत तो पडक्या वास्तूंवर सरपटतो, थडग्यांच्या मातीला बिलगतो, आणि कवी त्याला चक्क पुरुषी सर्वनामाने संबोधून त्याचे काळीज जुने व खंबीर असल्याचे सांगतो. या म्हाताऱ्याला ‘लता’ म्हणणे म्हणजे त्याला शालू नेसवून बोहल्यावर उभे करणे होय.

शेक्सपिअरने तर हा भेद एकाच भाषणात दाखवला आहे. ‘कॉमेडी ऑफ एरर्स’मधील एड्रियाना नवऱ्याला एल्म वृक्ष आणि स्वतःला द्राक्षवेल म्हणते, आणि लगेच त्याला तिच्यापासून हिरावून घेणाऱ्यांत बळकावू आयव्हीची गणना करते. आपल्या लतेची जागा तेथे द्राक्षवेलीकडे आहे. आयव्ही आगंतुक आहे. ‘टेम्पेस्ट’मध्ये राज्य लाटणारा सख्खा भाऊही प्रॉस्परोला आयव्हीच वाटतो. ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये मात्र परीराणी टायटानियाच्या आलिंगनाला आयव्हीची उपमा मिळते, पण तेथे कवी त्याला ‘स्त्री’ हे विशेषण आवर्जून जोडतो.

काहीजण मग दुसऱ्या टोकाला जाऊन ‘बांडगूळ’ लिहितात, तेही चूकच. आयव्हीने हिरवेपण शोषले ही प्रॉस्परोची तक्रार आहे, वनस्पतिशास्त्र नव्हे. गोव्यात फोंड्याकडच्या एखाद्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पोफळीवर चढलेल्या मिरवेलाची एक फांदी हलकेच सोडवून पाहावी. पेरापेराशी फुटलेली बारीक मुळे साल घट्ट धरतात, पण वेलाचे पोट भरते ते जमिनीतल्या मुळांवर. आयव्हीचेही नेमके तसेच आहे. असा दाखला परसात असताना भाषांतरकार जाईच्या मांडवाकडे का धावतात, हे मला उमगलेले नाही.

माझ्या मते ‘आयव्ही’ हाच शब्द ठेवावा. मराठी शब्दच हवा असेल तर ‘वेल’ चालेल, पण तो ज्ञानेश्वरांच्या ‘वेलु’सारखा पुल्लिंगीच योजावा.