गाडी येते, पण रस्ता येतो का?

ब्रिटनमध्ये १९०४ पासून वाहन परवाना सक्तीचा झाला, पण पैसे भरले की तो मिळायचा. चाचणीची सक्ती व्हायला १ जून १९३५ उजाडावा लागला. गाडी शिकवण्याचा साचा त्याच सुमारास पक्का झाला: क्लच-गिअरवर हात बसवायचा, रस्त्यावरच्या खुणा पाठ करायच्या, चाचणी पास व्हायचं. अमेरिकेत प्राध्यापक अमोस नेहार्ट यांनी १९३४ मध्ये हे शिक्षण शाळेत नेलं. शिकवलं की अपघात कमी होणारच, असं पुढची चार दशकं सगळे धरूनच चालले.

ते नीट तपासलं गेलं जॉर्जिया राज्यातल्या डीकाल्ब काउंटीत, १९७० च्या दशकाच्या अखेरीस. सुमारे १६ हजार विद्यार्थी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. एका गटाला त्या काळचा सर्वोत्तम अभ्यासक्रम, दुसऱ्याला परवान्यापुरतं जुजबी, तिसऱ्याला शाळेकडून काहीच नाही. पहिल्या गटाचे अपघात सुरुवातीला थोडे कमी दिसले, नंतर तो फरक पुसला गेला. नॉर्वेत तर निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे धडे सक्तीचे केल्यावर तरुण मुलग्यांचे तसल्याच रस्त्यांवरचे अपघात वाढले! या साऱ्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. घसरली तरी सावरू, असा भरवसा आला की पाय ब्रेककडे जात नाही.

उभ्या बसच्या पुढून कुणी धावत येईल, हे आधीच ओळखण्याची नजर मोजक्या तासांत येत नाही. स्वीडनने १९९३ मध्ये परवानाधारक मोठ्या माणसाच्या सोबतीने सराव करण्याचं वय साडेसतरावरून १६ वर आणलं, परवाना मात्र १८ व्या वर्षीच ठेवला. ज्यांनी ही मुभा वापरली त्यांचा सराव सरासरी शंभर तासांपुढे गेला आणि परवान्यानंतरचे त्यांचे अपघातही कमी भरले. (ही मुलं मुळातच सावध घरांतली असतील, हेही खरं.)

न्यूझीलंडने १९८७ मध्ये वेगळी वाट धरली. परवाना टप्प्याटप्प्याने द्यायचा. मधल्या टप्प्यात रात्री १० नंतर एकट्याने चालवायचं नाही, मित्रांना बसवायचं नाही. कारण धोका सर्वाधिक असतो तो शिकताना नव्हे, एकट्याने चालवायला लागल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत.

ब्रिटनने २००२ मध्ये चाचणीत चित्रफिती आणल्या: धोका तयार होताना दिसला की बटण दाबायचं. पण शिकाऊ चालकांना मोटरवेवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गावर, मात्र ४ जून २०१८ पर्यंत बंदीच होती. ताशी ७० मैल वेगमर्यादेच्या त्या रस्त्यावर नवा चालक पहिल्यांदा जायचा तो परवाना मिळाल्यावर, बहुधा शेजारी शिकवणारं कुणी नसताना.